इस्तंबूलमध्ये हॉटेल कुठे घ्यावं आणि गालिचा घेताना काय पाहावं?

सासू-सासऱ्यांना घेऊन पाच दिवसांसाठी जाताय, जुन्या शहरातल्या सुलतानअहमदमध्ये राहावं की गलाता पुलापलीकडे बेयोलूत, आणि गालिचा घेताना फसवणूक कशी टाळावी, असं तुम्ही विचारलंय. मी दोनदा गेले आहे, पहिल्यांदा आईसोबत. तेव्हा दोन्ही बाबतींत चुकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वडीलधारी माणसं बरोबर आहेत, तर सुलतानअहमदच घ्या. आया सोफिया, निळी मशीद, तोपकापी राजवाडा सगळं पायी होतं आणि दुपारी खोलीवर येऊन तासभर पडता येतं. तुम्ही दोघंच असता तर मी बेयोलू सांगितलं असतं. पण नुसतं 'सुलतानअहमद' वाचून बुकिंग करू नका. हा भाग टेकडीवर आहे. निळ्या मशिदीच्या मागच्या गल्ल्या मारमारा समुद्राकडे तीव्र उतरतात, आणि नकाशावर पाच मिनिटांचं दिसणारं अंतर परतताना दमछाक करणारी चढण ठरतं. आमचं हॉटेल अशाच उतारावरच्या जुन्या धाटणीच्या लाकडी घरात होतं. फार देखणं, पण खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. दुसऱ्याच दिवशी आईचे गुडघे सुजले आणि तिचा तोपकापी बघायचा राहिला तो राहिलाच. त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून आधी मेल करून विचारा: लिफ्ट आहे का, खोली कितव्या मजल्यावर, आणि टी-१ ट्रामच्या थांब्यापासून चढ किती. पहाटे मशिदींतून एकमेकींना उत्तर दिल्यासारखी अजान होते. झोप सावध असेल तर मागच्या बाजूची खोली मागा.

आता गालिचा. पहिल्या दिवशी काहीही विकत घेऊ नका. आधी निळ्या मशिदीसमोरच्या मैदानाला लागून असलेल्या इब्राहिम पाशाच्या वाड्यात जा. तिथे तुर्की आणि इस्लामी कला संग्रहालय आहे. कोन्याच्या मशिदीत सापडलेले तेराव्या शतकातले, सेल्जुक राजवटीच्या काळातले गालिचे तिथे आहेत, उशाक गावचे प्रचंड मोठे गालिचेही आहेत. तासभर शांतपणे बघितलंत की जुना, निवलेला लाल रंग कसा दिसतो हे डोळ्यांत बसतं. मग दुकानातला भडक लाल लगेच खटकतो.

दुकानात दोन शब्द सतत कानावर पडतील. 'हाली' म्हणजे गाठी मारून विणलेला, लव असलेला गालिचा. 'किलीम' म्हणजे लव नसलेला, सपाट विणीचा. पैठणी जवळून पाहिली असेल तर किलीम लगेच कळेल: दोन्हींत प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, आपल्या नक्षीपुरताच जातो आणि परत वळतो. फरक इतकाच की पैठणीत शेजारचे दोन रंग एकमेकांत अडकवतात, तर बहुतेक किलीमांत उभ्या रेषेवर बारीक फट राहते. ती फट दोष नव्हे. एकाच रंगात मध्येच हलका-गडद पट्टा दिसला तर तोही दोष नाही. सूत वेगवेगळ्या वेळी रंगवलं की असं होतं, त्याला 'अब्राश' म्हणतात.

गालिचा उलटा करून बघा. हातविणीच्या गालिच्यात नक्षी मागूनही स्पष्ट दिसते, आणि टोकाच्या दशा म्हणजे ताण्याचेच (उभ्या धाग्यांचेच) दोरे असतात. दशा वेगळ्या शिवलेल्या दिसल्या तर तो यंत्रावरचा किंवा दुरुस्त केलेला. पांढरा रुमाल ओला करून लाल आणि निळ्या भागावर घासा. रंग लागला तर उठा.

रेशीम मात्र मी टाळायलाच सांगेन. हेरेके गावचे खरे रेशमी गालिचे अप्रतिम असतात, पण चकाकी आणलेलं सुती सूत किंवा व्हिस्कोस (कृत्रिम रेशीम) 'सिल्क' म्हणून सर्रास खपवतात आणि नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. मी पहिल्या फेरीत 'रेशमी' म्हणून घेतलेला तुकडा घरी आल्यावर सुती निघाला. आपल्या बजेटमध्ये लोकरीचा किलीम सर्वांत प्रामाणिक खरेदी. घडी करून बॅगेत मावतो, कुरिअरच्या भानगडीत पडावं लागत नाही.

मैदानात कुणी 'इंडिया?' म्हणत गोड बोलून रस्ता दाखवू लागलं, तर तो बहुधा काकाच्या दुकानात संपतो. अशा माणसाचं किंवा टूर गाइडचं कमिशन तुमच्याच किमतीत धरलेलं असतं. स्वतः जा. ग्रँड बाजार ट्रामने दोनच थांब्यांवर, बेयाझितला आहे. रविवारी बंद असतो, तसा दिवस ठरवा. चहा देतील, तो निःसंकोच प्या. चहा प्यायलात म्हणून खरेदी करायलाच हवी असं तिथे कुणी धरत नाही. वीस गालिचे उलगडून दाखवले तरी नम्रपणे 'उद्या येतो' म्हणता येतं. मी दुसऱ्या फेरीत तसंच केलं. दुसऱ्या दिवशी त्याच किलीमचा भाव आपसूक खाली आला.

बिलावर माप, लोकर की सूत, हातविणीचा की यंत्राचा हे लिहून घ्या. फार जुना म्हणून विकत असतील तर संग्रहालयाचं प्रमाणपत्र मागा, कारण पुरातन वस्तू तुर्कस्तानाबाहेर नेता येत नाहीत. आणि पाठवायला सांगितलाच, तर मागच्या कोपऱ्यात पेनाने सही करून फोटो काढून ठेवा, म्हणजे दुसराच पाठवला तर कळेल.