शेपटी एकसारखी दिसते, पण...

प्रश्न: युग्लीना (पाण्यातला एक एकपेशीय जीव) आणि बॅक्टेरिया दोघांनाही फ्लॅजेलम (पोहायची शेपटी) असतो, मग दोघं सेमच पद्धतीने पोहतात का?

उत्तर: अजिबात नाही, आणि मला तर हीच यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते! बॅक्टेरियाचा फ्लॅजेलम म्हणजे फ्लॅजेलिन प्रोटीनचा पीळदार दोरा, तो स्वतःहून वाकत नाही, त्याच्या बुडाशी पेशीच्या आवरणात खरीखुरी मोटर बसलेली असते आणि ती बहुतेक बॅक्टेरियात प्रोटॉन आत येण्याच्या जोरावर गोल फिरते, एटीपी (पेशीतलं ऊर्जा पुरवणारं रसायन) थेट लागतच नाही. ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या मोटरी घड्याळाच्या उलट दिशेने फिरल्या की सगळे दोरे एकत्र येऊन जीव सरळ पुढे जातो, आणि एखादी जरी दिशा बदलून फिरली तरी जुडी सुटते, जीव गिरकी खातो आणि नवीन दिशेला निघतो.

युग्लीनाचं सगळंच वेगळं. तिच्या फ्लॅजेलममध्ये मधे २ सूक्ष्मनलिका आणि भोवती ९ जोड्या, डायनीन नावाचं प्रोटीन एटीपी खर्च करून त्या एकमेकींवर सरकवायला बघतं पण त्या एकमेकींना बांधलेल्या, मग सरकायच्या ऐवजी अख्खा फ्लॅजेलमच वाकतो आणि लाटा उठतात. शिवाय तो पुढच्या टोकाला असतो, म्हणजे युग्लीना पाण्यातून ओढली जाते, मागून ढकलली जात नाही.