सर, आवाज यायलाय का?

(वाचकांचे प्रश्न, गणिताच्या सरांची उत्तरं. सप्टेंबर २०२०)

प्रश्न : सर नमस्कार. मी अंबाजोगाईकडं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर बीएस्सीला गणित शिकवतो. मार्चमध्ये कोरोनाचं लॉकडाऊन लागलं, पोरं गावाकडं गेली ती गेलीच, आणि मग एक दिवस फोन आला की सोमवारपासून ऑनलाईन घ्या. कसं घ्यायचं ते कुणीच सांगितलं नाही. घरात छोटा फळा टांगला, मोबाईल डाळीच्या डब्यावर ठेवला, तर पोरं म्हणतात सर खडू दिसंना. वर्गात ५८ पोरं, लाईव्हला येतात १२-१३, त्यातली निम्मी नाव लावून गायब. गणित असं शिकवता येतं का, का आपण नुसता रिपोर्ट भरायलोत?
– एक सर, अंबाजोगाई

उत्तर : रिपोर्ट तर भरायलोतच सर, त्यात खोटं काय. पण डाळीच्या डब्यावरून सांगतो, माझा मोबाईल पहिल्या आठवड्यात पुस्तकांच्या दोन गठ्ठ्यांवर आडवी फूटपट्टी ठेवून तिच्यावर पालथा घातलेला होता, खाली वही, आणि पोरांना माझं अक्षर उलटं दिसायलंय हे मला चौथ्या दिवशी कळलं कारण तोवर कुणी बोललंच नाही. त्यात फुकटचं झूम ४० मिनिटांत बंद पडतं. रोलचा सिद्धांत शिकवत होतो, दोन्ही टोकांना किंमत सारखी, मधे कुठंतरी स्पर्शिका आडवी, आता तो बिंदू सी सापडतो असं म्हणलो आणि मीटिंग तुटली. दुसऱ्या दिवशी एक पोरगं विचारतंय, सर तो सी सापडला का?

हसण्यावारी नेलं, पण मग बसून हिशोब केला, आपला धंदाच तो. व्हिडिओला सेकंदाला १ मेगाबिट धरा. तासाचे ३६०० सेकंद, म्हणजे ३६०० मेगाबिट, भागिले ८, ४५० एमबी. दिवसाला तीन तास झाले की १३५० एमबी गेले आणि पोराच्या मोबाईलात पॅक दिवसाला दीड जीबीचा, तोही मोबाईल बापाचा, त्याच्यावर धाकटीची शाळा आणि बापाला आडतीवरून येणारे फोन. म्हणजे १२-१३ येतात हेच जास्त झालं. नाव लावून गायब होणारा आळशी असंलच असं नाही, तो रेंजसाठी गच्चीवर चढलेला असतो आणि वरून पाऊस.

तेव्हापासून मी लाईव्ह आठवड्यात एकच ठेवलं, तेही नुसत्या शंकांसाठी. बाकी काय करतो, तर पान हातानं लिहितो, प्रत्येक ओळीला नंबर देतो, फोटो ग्रुपवर टाकतो आणि ८ मिनिटांचा ऑडिओ, "आता ओळ ४ बघा, इथं आपण भागिलं, शून्य नाही ना ते आधी बघितलं का?" असा. साधारण ४ एमबीत काम होतं आणि पोरगं शेतातून आल्यावर रात्री दहाला ऐकतं, तीनदा ऐकतं. वर्गात तेच वाक्य तीनदा सांगा म्हणायची कुणाची हिंमत होती हो?

पण खरं सांगू का, फळा गेल्याचं मला फार दुःख नाही. गेलं ते बाकांमधून फिरणं. चालता चालता वहीत डोकावलं की कळायचं कोण कुठं अडकलंय, तोंड बघूनच कळायचं. म्हणून माझा एकच आग्रह आहे, आपलं पान पोरांकडं जाणं कमी महत्त्वाचं, त्यांचं पान आपल्याकडं आलं पाहिजे. आठवड्याला एक गणित, फोटो काढून, खाडाखोडीसकट. सुरुवातीला सगळ्यांची एकदम स्वच्छ पानं आली, ९ वह्यांत उणे चिन्ह एकाच ओळीत हरवलेलं, म्हणजे एकानं सोडवलं आणि आठ जणांनी फॉरवर्ड केलं. मग सांगितलं की मार्क खाडाखोडीला. तेव्हापासून वह्या खऱ्या यायल्यात.

एका पोराचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, लॉकडाऊनमध्ये कारखान्यावरच अडकले, तो पण तिथंच. त्याच्याकडं बटणाचा फोन. त्याला मी फोनवर तीन बाय तीनचा डिटरमिनंट, म्हणजे तीन ओळी-तीन रकान्यांत मांडलेल्या आकड्यांचं गणित, सांगायचो, "पहिली ओळ लिही, दोन, उणे एक, शून्य", आणि तो कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, बसून सोडवून परत फोनवर वाचून दाखवायचा. मला वाटतं त्या सत्रात माझा सगळ्यात चांगला तास तोच झाला.

आणि तुम्ही तासिकेवर आहात तर तारीख, टॉपिक, किती वह्या आल्या हे रोज लिहून ठेवा. मानधनाच्या वेळी "लाईव्ह किती घेतले" एवढंच विचारतील.

प्रश्न : लेकीच्या गणितासाठी टॅब घ्यावा का? दुकानदार म्हणतो त्याशिवाय ऑनलाईन जमत नाही.
– एक पालक, गेवराई

उत्तर : दादा, घेऊ नका. कर्ज काढून तर मुळीच नको. आहे त्या मोबाईलात जिओजेब्रा टाकून द्या, फुकट आहे, एकदा टाकलं की नेट नसलं तरी आलेख काढतं. टॅबच्या पैशात वह्या येतील आणि वर्षाचा रिचार्ज.

प्रश्न : सर, २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, परीक्षेशिवाय शेवटच्या वर्षाची डिग्री नाही. आता ऑनलाईन एमसीक्यू, म्हणजे पर्यायांतून उत्तर निवडायची परीक्षा, होणार म्हणतात. गणिताची तयारी कशी करू?
– बीएस्सी तृतीय वर्ष, परभणी

उत्तर : करायची तशीच कर. पर्यायात इंटिग्रलचं उत्तर असलं की चारही पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह काढून जुळवता येतं, हे तुला माहीत असंलच, नसंल तर आता झालं. असली परीक्षा मला पटत नाही, पण तुझं वर्ष वाचतंय ना, बास.

प्रश्न : सर मी सेकंड इयरला आहे, लिमिटची ती एप्सिलॉन-डेल्टावाली व्याख्या चार व्हिडिओ बघून पण डोक्यात जाईना. वर्गात असते तर विचारलं असतं.
– एक विद्यार्थिनी, औसा

उत्तर : पोरी, व्हिडिओ बंद कर आणि मैत्रिणीला मेसेज कर. हा बघण्याचा विषयच नाही, दोघींचा खेळ आहे. एक्स वर्ग हे फंक्शन घ्या, एक्स २ कडं जातो, लिमिट ४, म्हणजे एक्स २ च्या जवळ गेला की उत्तर ४ च्या जवळ जातं. मैत्रीण एप्सिलॉन पाठवते, म्हणजे ती म्हणते "४ पासून ०.१ च्या आतच राहा". तू डेल्टा पाठवायचा, म्हणजे "मग एक्स २ पासून एवढ्या अंतरात ठेव, जबाबदारी माझी". एक्स वर्ग वजा ४ म्हणजे (एक्स वजा २) गुणिले (एक्स अधिक २). एक्स २ पासून १ च्या आत असला तर एक्स अधिक २ हे ५ च्या खालीच राहतं, म्हणून ०.१ ला ५ नं भाग, डेल्टा ०.०२. पडताळून बघ, २.०२ चा वर्ग ४.०८०४, आत आहे. ती चिडून ०.००१ पाठवंल, तू ०.०००२ पाठव. दहा-बारा मेसेज झाले की तुझ्या लक्षात येईल की दरवेळी तू ५ नंच भागायलीस, आणि ते जे दरवेळी करायलीस तेच एका ओळीत लिहिलं की प्रूफ झालं. फक्त एप्सिलॉन ५ पेक्षा मोठा आला तर डेल्टा १ च ठेवायचा, तो का, ते तू शोध आणि पान पाठव.