ट्युलिप फ्रीजमध्ये, भुईचाफा आंब्याखाली
कंद आणि सावलीतल्या झाडांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काश्मीरला ट्युलिपची बाग पाहून आल्यावर हौसेनं ऑनलाइन कंद मागवले आणि नोव्हेंबरमध्ये कुंडीत लावले. पानं छान आली, पण कळी पानांच्या बेचक्यातच अडकली आणि वाळून गेली. नागपुरात ट्युलिप येतच नाही का? (धरमपेठ)

उत्तर : येतं, पण त्याच्या वाट्याची थंडी आपल्याला द्यावी लागते. ट्युलिपच्या कंदात फूल आधीच तयार असतं. दांडा लांब व्हायला मात्र कंदाला सलग 12 ते 14 आठवडे 2 ते 9 अंशांचा गारवा लागतो. या काळात आतल्या स्टार्चची साखर होते आणि दांडा वाढण्याची तयारी होते. श्रीनगरला ही थंडी जमिनीतच मिळते. नागपुरात डिसेंबरची पहाट दहा-बारा अंशांची असली तरी दुपारी अठ्ठावीसपर्यंत पारा चढतो, कुंडीतली माती तापते आणि थंडीचा हिशेब पुरा होत नाही. तुमची कळी पानांत अडकली ती बहुधा याच कारणानं.

आता उलटा हिशेब करू. फेब्रुवारीच्या मध्यापासून आपल्याकडे ऊन चढतं, म्हणजे फूल जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला यायला हवं. त्यासाठी लागवड 10 ते 20 डिसेंबर आणि कंद फ्रीजमध्ये सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. कंद ऑक्टोबरअखेर हातात पडत असतील तर विक्रेत्याला आधी एकच गोष्ट विचारा : प्री-कूल्ड, म्हणजे विकण्याआधीच गारव्यात ठेवलेले, आहेत का? असतील तर घरी आल्यावरही लागवडीपर्यंत फ्रीजमध्येच ठेवा. नसतील तर यंदा घेऊ नका. बारा आठवडे मोजेपर्यंत संक्रांत उलटते.

कंद घेताना घेर निदान 12 सेंमी असावा आणि कंद हाताला टणक लागावा. कागदी पिशवीला भोकं पाडून ती भाजीच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये अजिबात नको. त्याच कप्प्यात सफरचंद, केळी, पिकलेले टोमॅटो किंवा संत्री ठेवू नका. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं आतली कळी मरते, आणि बाहेरून कंद ठणठणीत दिसतो, त्यामुळे लक्षातही येत नाही. थंडीच्या दिवसांत नागपूरकराच्या फ्रीजमधून फळं हद्दपार करणं सोपं नाही, हे मान्य. मग निदान कंदांची पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि आठवड्यातून एकदा डबा उघडून हवा लागू द्या. कंदावर निळसर बुरशी दिसली आणि कंद टणक असला तर कोरड्या फडक्यानं पुसून परत ठेवा. मऊ पडला असेल तर फेकून द्या.

आठ इंची कुंडीत पाच कंद पुरे. दोन भाग मुरमाड लाल माती, एक भाग जाड रेती, एक भाग जुनं शेणखत. कंदाची एक बाजू चपटी असते, ती कुंडीच्या भिंतीकडे करा. पहिलं मोठं पान बाहेरच्या बाजूला वळतं आणि कुंडी भरल्यासारखी दिसते. टोकावर 5 सेंमी माती असावी. पहिले दहा-बारा दिवस मुळं धरेपर्यंत कुंडी घरातल्या सर्वांत गार, उजेडाच्या जागी ठेवा. मग सकाळचं ऊन द्या आणि दुपारी आत घ्या. माती ओलसर हवी, चिखल नको. फूल येऊन गेल्यावर कंद जपून ठेवण्याचा खटाटोप करू नका. इथल्या उन्हाळ्यात पुढच्या फुलाची कळी कंदात नीट बनत नाही. ट्युलिप आपल्याकडे एका मोसमाचंच.

एवढी यातायात नको असेल तर नर्गिस लावा, म्हणजे पांढऱ्या पेपरव्हाइट जातीचा डॅफोडिल. त्याला फ्रीजची गरज नाही. नोव्हेंबरच्या मध्यात पसरट भांड्यात खडे भरून त्यावर कंद बसवा आणि पाणी फक्त बुडाला टेकेल इतकंच ठेवा. भरपूर ऊन मिळालं तर साधारण चार ते सहा आठवड्यांत फूल येतं. ऊन कमी पडलं तर दांडे लांबतात आणि कोलमडतात.

प्रश्न : अंगणात जुना आंबा आहे. त्याच्या सावलीत काहीच टिकत नाही. तिथे जंगलात वाढतात तशी कंदांची झाडं लावता येतील का? जमीन काळी, भारी आहे. (मानेवाडा)

उत्तर : येतील, आणि ती आपल्याच जंगलांतली निवडा. विदर्भाच्या सागाच्या जंगलात भुईचाफा, रानहळद, कळलावी ही मंडळी हिवाळा-उन्हाळा जमिनीत झोपून काढतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पहिल्या पावसाबरोबर उठतात. म्हणजे त्यांना विश्रांतीत थंडी नको, कोरडेपणा हवा. नागपूर तो फुकट देतं. उन्हाळ्यात हे कंद मरतात ते बहुतेक वेळा संध्याकाळी पाइप घेऊन अंगणभर पाणी शिंपडणाऱ्यांमुळे. झोपलेल्या कंदाला कोमट ओली माती मिळाली की तो सडतो.

आधी निचरा तपासा. फूटभर खोल खड्डा करून पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार तासांनंतरही उभं असेल तर तिथे थेट लागवड नको. काळ्या मातीत दोन-चार टोपल्या रेती मिसळून काही साधत नाही. ती माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि रेती तिच्यात हरवून जाते. दुसरीकडे, आंब्याच्या बुडाशी फूटभर भर टाकून उंच वाफा करणंही घातक. वरच्या थरातल्या मुळांना हवा मिळत नाही आणि खोडाला माती टेकली की साल कुजते.

यातून मार्ग दोन. पानांचा घेर जिथे संपतो तिथे, म्हणजे खोडापासून लांब, 20 ते 25 सेंमी उंचीचा वाफा करा. घेराच्या आत मात्र दहा इंची कुंड्या काठापर्यंत जमिनीत पुरा. खड्डा करताना अंगठ्याएवढं मूळ लागलं तर ते तोडू नका, खड्डा सरकवा. कुंड्यांच्या तळाशी भोकं मोठी हवीत. त्यांत मुरमाड माती आणि कुजलेला पालापाचोळा निम्मा-निम्मा.

दाट सावलीत रानहळद, भुईचाफा, कॅलेडियम आणि नेफ्रोलेपिस फर्न. नेफ्रोलेपिसची कुंडी वेगळी ठेवा, कारण त्याला उन्हाळ्यातही पाणी लागतं. घेराच्या काठावर, दोन-तीन तास ऊन मिळतं तिथे फुटबॉल लिली. रेन लिलीला याहून जास्त ऊन हवं, ती पार बाहेर. मेअखेर लागवड करा : रानहळद 5 सेंमी खोल, भुईचाफा 3 ते 4 सेंमी. भुईचाफ्याचं फूल पानांच्या आधी थेट जमिनीतून उगवतं, म्हणून त्याच्यावर जाड आच्छादन नको. डिसेंबरच्या सुमारास पानं पिवळी पडली की पाणी बंद करा आणि जागेवर खूण म्हणून काडी खोचा. नाहीतर मार्चमध्ये कुदळ नेमकी कंदावर बसते.

कळलावी दिसायला देखणी, पण तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसिन हे जहाल विष असतं. घरात लहान मुलं किंवा कुत्रं असेल तर लावू नका. आणि यातलं काहीही जंगलातून उपटून आणू नका, नर्सरीतून घ्या.

प्रश्न : लाल लिलीला (हिप्पीॲस्ट्रम) तीन वर्षं फक्त पानंच येतात. यंदा पावसाळ्यात काळ्या अळ्यांनी तीही फस्त केली. (प्रतापनगर)

उत्तर : या दोन तक्रारी एकच आहेत. ही लिली साधारण दर चार पानांमागे कंदात एक फुलकळी तयार करते. पानं खाल्ली गेली, कापली गेली किंवा सावलीत पातळ राहिली की कळी बनत नाही. फूल गेल्यावर कुंडी सावलीत सरकवण्याची सवय सोडा. मार्च ते सप्टेंबर सकाळचं चार-पाच तास ऊन हवंच. कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवा, नत्राचं खत कमी करा आणि नोव्हेंबरपासून आठ आठवडे पाणी तोडा.

पांढऱ्या ठिपक्यांच्या काळ्या अळ्या लिलीच्या पतंगाच्या. अंडी पानाखाली पुंजक्यानं असतात. जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा पानं उलटून पाहा आणि पुंजका दिसला की तेवढं पान कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. अळ्या लहान असताना एक लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणपाणी मिसळून संध्याकाळी फवारा. मोठ्या अळ्या पानाच्या आत आणि कंदाच्या गळ्यात शिरतात, तिथे फवारा पोचत नाही. हातानंच वेचा.

प्रश्न : मुलगी एडिंबरोला असते. घरामागे ओकचं मोठं झाड आहे. आम्ही सप्टेंबरमध्ये जातोय, तिथे खाली काय लावून देता येईल? येताना तिथले कंद इकडे आणावेत का? (सिव्हिल लाइन्स)

उत्तर : महिना अगदी योग्य निवडलात. ओकला पानं एप्रिल-मेमध्ये फुटतात, तोवर खाली ऊन पोचतं. तेवढ्या उन्हात तिथले वनकंद फुलून मोकळे होतात. स्नोड्रॉप फेब्रुवारीत, वुड अनेमोनी मार्च-एप्रिलमध्ये, त्यामागून ब्ल्यूबेल. ब्ल्यूबेल 10 सेंमी खोल लावा. अनेमोनीचे काडीसारखे कंद रात्रभर पाण्यात भिजवून 5 सेंमीवर आडवे ठेवा. स्नोड्रॉपचे सुके कंद पुष्कळदा उगवत नाहीत. मुलीला सांगा, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलं गेल्यावर पानांसकट मिळणारे गड्डे घे आणि लगेच लाव. ब्ल्यूबेल घेताना स्थानिक जातच मागा. स्पॅनिश जात जोरात पसरते आणि तिचा स्थानिक जातीशी संकर होतो. रानातून ब्ल्यूबेल उपटणं तिथे कायद्यानं गुन्हा आहे. ट्युलिप ओकखाली नको, त्याला मोकळं ऊन हवं आणि लावायचं नोव्हेंबरमध्ये. फुलं गेल्यावर पानं आपोआप पिवळी होईपर्यंत कापायची नाहीत, तेवढे दीड महिने गवतावर यंत्रही फिरवायचं नाही.

येताना कंद आणू नका. भारतात ते आणायला आयात परवाना आणि तिकडच्या खात्याचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, ते नसेल तर विमानतळावर जप्त होतात. इकडून हळदीचा किंवा सुरणाचा कंद लावण्यासाठी नेतानाही असंच प्रमाणपत्र लागतं.

प्रश्न : कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी लिलीच्या कुंड्यांना घातलं तर चालेल? (हिंगणा रोड)

उत्तर : नाही. वाफ होऊन पाणी उडतं, क्षार टाकीत साठत जातात. कुंडीत ते पांढऱ्या थरानं दिसतात आणि पानांची टोकं करपतात. आधीच घातलं असेल तर कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधं पाणी एकदम ओतून वाहून जाऊ द्या, आणि कंद झोपेत असेल तर हे काम तो जागा होईपर्यंत थांबवा.