जुन्या अ‍ॅम्बेसेडरला नवे इंजिन बसवावे का?

प्रश्न : आमच्याकडे वडिलांची 1973 सालची अ‍ॅम्बेसेडर मार्क 2 आहे. सपाट रस्त्यावर ती उत्तम चालते, पण खंबाटकीच्या चढाला तापते आणि धापा टाकते. एक गॅरेजवाले तिला आजच्या छोट्या मोटारीचे इंजिन बसवून देतो म्हणतात. ब्रेकचे नंतर पाहू, असा त्यांचा सल्ला आहे. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : खर्च जरूर करावा, मात्र गॅरेजवाल्यांचा क्रम उलटा करून. आपल्या गाडीचे 1489 सीसीचे इंजिन सुमारे 50 अश्वशक्तीचे आणि ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आहेत. अशा गाडीचा वेग आधी वाढवून ती थांबवायची कशी हा विचार मागाहून करणे म्हणजे घाटात संकट ओढवून घेणे होय. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि जोडीला सर्वो (ब्रेक दाबायला कमी जोर लागावा म्हणून बसवतात ते यंत्र) बसवणे, मागचे थकलेले पाटे व झिजलेले बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) बदलणे, रेडिएटर साफ करून टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) नीट लावणे, एवढ्यानेच गाडी पुष्कळ सुधारेल. तापण्याची तक्रारही बहुधा इथेच मिटेल.

तरीही इंजिन बदलायचेच असेल, तर छोट्या मोटारीचे नको. त्या गाड्यांत इंजिन आडवे, म्हणजे गाडीच्या रुंदीच्या दिशेने असते आणि गिअरबॉक्ससह सगळी ओढ पुढच्या चाकांना असते. अ‍ॅम्बेसेडरचे इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, आणि ओढ मागच्या चाकांना. खुद्द हिंदुस्तान मोटर्स या निर्मात्या कंपनीनेच नव्वदच्या दशकात याच सांगाड्यात इसुझूचे 1817 सीसीचे, सुमारे 75 अश्वशक्तीचे इंजिन पाच गिअरांसह बसवले होते, म्हणून शोधायचेच तर ते शोधावे. या गाडीला वेगळी चासी (खालची स्वतंत्र लोखंडी चौकट) नसल्यामुळे, इंजिनाचे माउंटिंग जिथे बसते तिथला पत्रा गंजलेला नाही ना, हे आधी टोचून पाहावे.

आता कायद्याविषयी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील मूळ निर्मात्याच्या तपशिलांपासून वेगळे होतील असे फेरफार करता येत नाहीत. शिवाय 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपात जपलेल्या खासगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो. इंजिन बदलल्यास तो हक्क धोक्यात येतो. अर्थात व्हिंटेज क्रमांकाची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, त्यामुळे तुम्हाला नेमके काय हवे ते आधी ठरवा. आरटीओची लेखी परवानगी हाती येईपर्यंत गॅरेजवाल्यांना आगाऊ रक्कम देऊ नका, आणि जुने इंजिन तर कोणत्याही परिस्थितीत भंगारात घालू नका.