घुमट

"मॅडम, डाएट लिहून द्या. किती दिवसांत उतरेल?" फोंड्याजवळच्या गावातून आलेल्या आईने बसता बसताच विचारलं. शेजारी अकरा वर्षांचा मुलगा, मांडीवर दप्तर उभं धरून. "ठेव खाली," म्हटलं तरी तासभर त्याने ते हलवलं नाही. त्याला पोट झाकायचं होतं.

वजनाचं बोललं तर मूल दुखावतं, गप्प राहिलं तर वजन वाढतच जातं, मग करायचं काय? माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आईवडिलांना हीच काळजी असते. मी आधी मुलाचा दिवस कसा जातो ते विचारते. त्यासाठी 'पेड्सक्यूएल' ही 23 प्रश्नांची प्रश्नावली आहे. शरीर, मन, मित्रमंडळी, शाळा, सगळं त्यात येतं. मूल वेगळी भरतं, पालक वेगळी.

'इतर मुलं चिडवतात' यापुढे आईची खूण होती 'कधीच नाही'. मुलाची होती 'जवळजवळ नेहमी'.

त्याला विचारूनच मी तो कागद आईपुढे ठेवला. "शाळेत चिडवतात?" आईने विचारलं. "शाळेत कमी," तो म्हणाला.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सगळं कुटुंब जमलं होतं. हा सहा वर्षांचा असल्यापासून आरतीला घुमट वाजवायचा. मातीचं, गोल पोटाचं ते वाद्य. काकांनी त्याच्या पोटावर थाप मारून हाक दिली, "हांगा यो रे, घुमटा!" सगळे हसले. आईसुद्धा. त्यानंतर त्याने घुमटाला हात लावला नाही, आणि पीटीच्या तासाला त्याचं पोट दुखायला लागलं.

सांगताना तो रडला नाही. आई रडली.

लाडाने म्हटलेलं मुलांना लागत नाही असं आपण धरून चालतो. फार लागतं. 2003 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या 106 अतिलठ्ठ मुलांचा अभ्यास आला होता. याच प्रश्नावलीवर त्या मुलांचं जगणं कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या मुलांइतकंच खालावलेलं दिसलं. गमतीने नाव ठेवणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगावंसं वाटतं.

रक्तदाब आणि साखर तपासायला मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. वाढत्या वयात उपाशी ठेवायचं नसतं. वजन स्थिर राहून उंची वाढली तरी पुष्कळदा पुरतं. त्याच्यासाठी वेगळं ताट नको, जे बदलायचं ते घरभर. संध्याकाळच्या गोड चहा-पावाची जागा सगळ्यांसाठीच उसळीने घेतली. जेवणानंतर वडील त्याला घेऊन देवळापर्यंत चालत जाऊ लागले. काकांशी मात्र आईलाच बोलावं लागलं, आणि तेच तिला सगळ्यात जड गेलं.

श्रावणात तिचा फोन आला. वजन जवळपास तेवढंच होतं, उंची वाढली होती. मागून घुमटाचा आवाज येत होता. "कातडं ढिलं पडलंय म्हणून कुरकुरतोय," ती म्हणाली, "चवथीआधी नवं चढवून पाहिजे त्याला."