देणगी कुठं द्यायची, हे आधी गल्लीला विचारा

प्रश्न : सातपूरला आमचं छोटं वर्कशॉप आहे. आम्ही काही कारखानदार मिळून दरवर्षी थोडी रक्कम समाजकार्यासाठी बाजूला काढतो. आजवर बाकडी, पाणपोई, वह्यावाटप असं करत आलो. पण नाशिकला खरी गरज कशाची आहे, हे ठरवायचं कसं? शहरांच्या क्रमवारीचा त्यासाठी उपयोग होतो का? – एक वाचक, सातपूर

उत्तर : दादा, देण्याआधी विचारावंसं वाटलं, याचाच मला फार आनंद झाला. क्रमवारीचा उपयोग थोडाच. केंद्र सरकारच्या २०२०च्या राहणीमान सुलभता निर्देशांकात १११ शहरं होती आणि ३० टक्के गुण नागरिकांच्या मताला होते. ही चांगली गोष्ट. पण त्यातून शहराला मिळतो तो एकच आकडा. माणशी रोज १३५ लिटर पाण्याचं प्रमाण सबंध शहरानं गाठलं, तरी जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या घरात नळाला करंगळीएवढी धार असू शकते. सरासरीत ते घर दिसत नाही, आणि तुमची देणगी पोचायला हवी ती तिथंच.

म्हणून एकच प्रभाग घ्या. मी संख्याशास्त्र शिकवत असताना विद्यार्थिनींना घेऊन पंचवटीत घरोघर फिरले होते. ‘पाणी पुरेसं येतं का?’ या प्रश्नाला बहुतेक घरांत ‘येतं की’ असंच उत्तर मिळे. मग एका मुलीनं विचारायला सुरुवात केली, ‘पाणी भरायला कोण उठतं, किती वाजता?’ तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. पहाटे उठणारी बहुधा सून असायची, नाहीतर शाळेत जाणारी मुलगी. ‘पुरेसं’ म्हणणारे तेव्हा झोपलेले असत. प्रश्न असे विचारा, की उत्तरात वेळ आणि माणूस यावा : घंटागाडी या आठवड्यात किती दिवस आली, महापालिकेच्या दवाखान्यात गेल्या वेळी औषध मिळालं की चिठ्ठी, सेकंड शिफ्ट सुटल्यावर बाई कोणत्या रस्त्यानं घरी येते आणि कोणता टाळते.

दर दहावं घर घ्या, ओळखीचं नको. सातपूर-अंबडला दुपारी गेलात तर कामगार भेटणारच नाहीत. संध्याकाळी आणि रविवारीही जा. नदीचं पाणी स्वतः तपासत बसू नका. गोदावरीच्या नोंदी प्रदूषण नियंत्रण मंडळ ठेवतं. स्नानासाठी बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात त्याचं माप, लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी हवा, एवढं लक्षात ठेवून त्या वाचा. बाकी कागद माहिती अधिकारात मागा : दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत.

बेंगळुरूत अर्थतज्ज्ञ सॅम्युएल पॉल यांच्या पुढाकारानं १९९४ मध्ये नागरिकांनी सरकारी सेवांचं प्रगतिपुस्तक काढलं. तेच १९९९ आणि २००३ मध्ये पुन्हा काढलं, आणि लोकांच्या समाधानात ठळक वाढ दिसली ती २००३ मध्ये. एकदाच पाहणी करून थांबले असते, तर यातलं काहीच कळलं नसतं. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे : यंदाच्या रकमेचा मोठा भाग या मोजणीलाच द्या. प्रभागातल्या दोन-चार मुलामुलींना मानधन द्या, निकाल मराठीत छापा, वाचनालयात आणि रेशन दुकानाबाहेर लावा, प्रभागाच्या नगरसेवकांच्या हातात द्या. अशा कामावर देणगीदाराचं नाव कोरता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही द्या.

याचा आणखी एक उपयोग आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येणाऱ्या मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते, आणि कारखान्याभोवतीच्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा सांगतो. तुमच्या हातात घरागणिक नोंदी असतील, तर त्यांच्याकडे कोणत्या गल्लीत काय हवं ते घेऊनच जाता येईल.

पहिली फेरी एप्रिल-मेमध्ये घ्या, पाण्याची खरी ओढ तेव्हाच कळते. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात त्याच शब्दांत तेच प्रश्न विचारा. प्रश्नावली केलीत की मला पाठवा, मी ती आवडीनं तपासून देईन.