वडिलांचे मुखत्यारपत्र : ते कुठवर चालते आणि आज काय करून ठेवावे

लातूर जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्या वडिलांना विसर पडू लागला आहे, आपण पुण्यात असता, आणि शेत, बँक व दवाखाना या तिन्हींसाठी एकच कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला, म्हणजे मुखत्याराला, देणारा कागद) करून घ्यावे का, असा आपला प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत असे की एका कागदावर विसंबू नये. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 201 नुसार, मुखत्यारपत्र देणारा मृत्यू पावला किंवा त्याची मानसिक क्षमता राहिली नाही, तर मुखत्याराचा अधिकार संपतो. ज्या दिवसासाठी आपण हा कागद करू पाहता, नेमका त्याच दिवशी तो निकामी होतो. काही देशांत त्यानंतरही चालणारे मुखत्यारपत्र असते. आपल्याकडे तशी तरतूद नाही.

तरीही आजच्या कामांसाठी ते अवश्य करावे, आणि लवकर करावे. विसर पडतो म्हणून माणूस लगेच अपात्र ठरत नाही. सही करतेवेळी व्यवहार समजणे महत्त्वाचे असते. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जवळ ठेवा. आपण कोणाला कोणते अधिकार देत आहोत, हे वडिलांना स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. आपण शेजारून उत्तरे पुरवू नयेत, कारण पुढे भावंडांत वाद झाला तर पहिला आक्षेप यावरच घेतला जातो.

मसुद्यात ‘सर्व अधिकार’ असे मोघम लिहू नका. गाव, गट क्रमांक, पीककर्जाचे नूतनीकरण, पीक विम्याचा अर्ज, तलाठ्याकडील फेरफाराची कामे, अमुक बँकेतील अमुक खाते, असे एकेक काम लिहा, आणि जमीन विकण्याचा अथवा गहाण ठेवण्याचा अधिकार दिलेला नाही, हेही स्वच्छ लिहा. सही होण्यापूर्वी मसुदा बहिणीला वाचायला द्या. गावाकडे मुलींना असे कागद बहुधा शेवटी कळतात आणि तिथूनच कोर्टकचेरी सुरू होते. केवळ नोटरीवर न थांबता कागद दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावा. वडिलांना तेथवर जाणे शक्य नसेल, तर अधिकाऱ्याने घरी येऊन खातरजमा करण्याची तरतूद नोंदणी कायद्यात आहे. केवळ मुखत्यारपत्रावर जमिनीची मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केले आहे. तसा व्यवहार कोणी सुचवला तर नकार द्यावा.

दवाखान्याचे कागद वेगळे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार वडील साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत साथ देणारी व्यक्ती, नेमू शकतात. स्मृतिभ्रंशाच्या उपचारांत याचा उपयोग होतो. अखेरच्या आजारात कृत्रिम जीवरक्षक उपचार नकोत, अशी त्यांची इच्छा असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सोप्या केलेल्या पद्धतीनुसार दोन साक्षीदारांसमोर सही करून, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलेले वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल; मालमत्तेचे मृत्युपत्र नव्हे) करता येते. ही इच्छा त्यांची असावी, आपण घालून दिलेली नसावी.

मुखत्यारपत्र केलेले असो वा नसो, वडिलांची मानसिक क्षमता राहिली नाही, तर त्यांचे कायदेशीर पालक म्हणून नेमणूक मिळवण्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे दाद मागावी लागू शकते. तेथे वैद्यकीय अहवाल, मालमत्तेचा तपशील आणि इतर वारसांची संमती मागितली जाते. म्हणून पुढच्या खेपेला गावी याल तेव्हा सातबारा, आठ-अ आणि बँकेची पासबुके यांच्या प्रती काढून ठेवा.